तिच्या यंत्रावर उघडेल अशी तबकडी

नुकतीच लिहून झालेली सीडी यंत्राच्या पोटातून बाहेर सरकते तेव्हा किंचित कोमट असते. तव्यावरून उतरवून थोडा वेळ झालेल्या भाकरीइतकी. तापलेल्या प्लास्टिकचा एक पुसट, गोडसर वास तिला येतो आणि तो जेमतेम दोन-तीन श्वास टिकतो. माघातल्या सकाळी जुन्नरच्या माझ्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत पूर्वेची उन्हं थेट टेबलापर्यंत येत, आणि कडेला धरून तिरप्या केलेल्या तबकडीवरून उसळलेला सप्तरंगी कवडसा समोरच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या पानावर, कधी बाकावर बसून राहिलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या टोपीवर थरथरत राही. खिडकीतून नदीपलीकडे लेण्याद्रीचा डोंगर दिसे. खाली द्राक्षांच्या पेट्यांना लागणाऱ्या कागदाचं आणि खोक्यांचं दुकान होतं. त्या कोऱ्या पुठ्ठ्याचा वास जिन्यावरून वर येई आणि माझ्या यंत्रांच्या वासात मिसळे. आजही कुठं कोरा पुठ्ठा उघडला की माझ्या हाताला ती ऊब आठवते.

ही दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं. गावात संगणक शिकवणारे आणखी दोघं-तिघं होते, पण सीडी लिहिण्याचं यंत्र सुरुवातीला माझ्याकडेच होतं. या क्रियेला इंग्रजीत जाळणं म्हणतात. तो शब्द आमच्याकडं कुणाच्या तोंडी कधी बसला नाही. लोक म्हणायचे, "ताई, येवढी सीडी मारून द्या." लग्नाचे फोटो, महाविद्यालयातल्या पोरांचे प्रकल्प, बागाईतदारांनी कुठून कुठून जमवलेली द्राक्षाच्या छाटणीची माहिती, भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण, सगळं माझ्या हाताखालून गेलं. मी हे काम चांगलं करायचे आणि चांगलं करते हे मला पुरतं ठाऊक होतं. सासरी शेती, नवरा शेतात. घरातून पहिल्यांदा टेबलखुर्ची टाकून बसलेली बाई मीच. तेव्हा चुकण्याची चैन मला परवडण्यासारखी नव्हती, आणि न चुकण्याची सवय लागली की माणसाला ती आपली प्रकृतीच वाटू लागते.

किसनभाऊ पहिल्यांदा आले ते दिवाळी उलटून गेल्यावर. तळेघरच्या वरच्या अंगाला, गाडीरस्ता संपल्यावरही तासभर चालायला लागेल अशा वस्तीवर त्यांचं घर. भाताची खाचरं, उतारावर नाचणी. ते पहाटे चालत तळेघरला, तिथून मिळेल त्या एसटीनं घोडेगाव आणि मग जुन्नर असे आले होते. उंच, वाळलेला बांधा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक इतिहासाचं जाडजूड पाठ्यपुस्तक आणि त्यात घडी करून ठेवलेली एक चिठ्ठी. चिठ्ठी त्यांच्या मुलीनं मैत्रिणीकडून लिहवून घेतलेली होती. तिचं नाव द्वारका. सातव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली. अंध मुलींच्या निवासी शाळेत ती शिकली आणि आता पुण्यात एका वसतिगृहात राहून बी. ए. करत होती. वसतिगृहात एक संगणक होता. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं तो बोलून दाखवी. मराठी मात्र त्याला येत नसे. म्हणून मराठी पुस्तक कुणीतरी वाचून, आवाजात भरून, सीडीवर द्यावं लागणार होतं. कॅसेटी तिनं वापरून पाहिल्या होत्या. फीत अडकते, आणि हवं ते पान शोधताना बोट दुखून येतं, असं तिनं लिहिलं होतं. चिठ्ठीच्या शेवटी एकच वाक्य निराळ्या ओळीवर होतं : परीक्षा मार्चअखेर आहे.

"करता येईल का वो, ताई?" किसनभाऊंनी विचारलं. "घोडेगावात म्हनले, जुन्नरच्या ताईकडं मशीन हाय."

"करता येईल," मी म्हणाले. त्या वेळी मी हे दोन शब्द फार पटकन म्हणत असे.

वाचायला मी विमलबाईंना विचारलं. त्या आमच्या शाळेच्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. मी जुन्नरला नातलगांकडे राहून शिकले, तेव्हा मला आठवीला होत्या. पाचवारी सुती साडी, चष्म्याला काळा दोरा, आणि मागच्या बाकापर्यंत जाणारा, कुठंही न वाढवता पोचणारा आवाज. पुस्तक हातात घेऊन त्यांनी वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि म्हणाल्या, "वाचीन मी. पण मध्ये थांबवायचं नाहीस हं मला. वर्गात कुणी थांबवलेलं मला चालत नसे."

मग दुपारमागून दुपार आमचा तो उद्योग चालला. एक ते तीन शिकवणीचे वर्ग नसत. मी पंखा बंद करी, खिडकीच्या फटीत जुनी चादर कोंबी, आणि विमलबाई ताठ बसून वाचू लागत. हिवाळ्याची दुपार असली तरी बंद खोलीत हळूहळू उबारा साचे, त्यांच्या कपाळावर घामाची बारीक नक्षी उमटे. पण वाक्य अर्धं टाकून त्यांनी कधी पदर कपाळाला लावला नाही. चादर कितीही कोंबली तरी गाव आत येतच असे. दूरवरून एसटीचा भोंगा, खालच्या दुकानात खोकी आपटल्याचा आवाज, आणि छपराच्या पन्हळीवर रोज नेमानं येऊन बसणारा एक कावळा. एकदा तर तहाच्या अटी वाचता वाचता बाई त्याच सुरात "हाड रे!" म्हणाल्या आणि पुढची अट वाचू लागल्या. ते काढून टाकावं असं मला वाटलं. बाईंनी मानेनंच नकार दिला. म्हणाल्या, "राहू दे. त्या पोरीलाही कळू दे, कुणीतरी माणूस वाचतंय."

दोन-तीन प्रकरणं झाली की मी ती एका तबकडीवर चढवून ठेवी. पुढची झाली की त्याच तबकडीवर त्यांची भर घाली. तशी सोय असते. तबकडी बंद न करता उघडी ठेवायची म्हणजे उरलेल्या जागेत नंतर लिहिता येतं. एकच पुस्तक, एकच तबकडी; मला ते सुबक वाटे. फायलींना मी देवनागरीत सुंदर, सविस्तर नावं दिली होती, प्रकरणाचं पूर्ण शीर्षक, उपशीर्षक, सगळं. त्या नावांच्या ओळी पडद्यावर एकाखाली एक उमटलेल्या पाहताना मला पुस्तकाची अनुक्रमणिका स्वतःच्या हातानं जुळवल्याचा आनंद होई. फाल्गुन लागता लागता पुस्तक संपलं. मी तबकडी माझ्या यंत्रात घालून सगळी प्रकरणं उघडून पाहिली, सगळी उघडली, आणि लग्नसराईच्या चित्रफितींना जागा हवी म्हणून संगणकावरचं मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकलं. तबकडीवर गेलं म्हणजे सुखरूप, अशी माझी तेव्हा श्रद्धा होती.

किसनभाऊ तबकडी न्यायला आले तेव्हा त्यांनी आधी खालच्या नळावर हात धुतले, धोतराला पुसले, उन्हात धरून वाळवले, आणि मग पुढे केले. मी प्लास्टिकच्या डबीत घालून दिलेली तबकडी त्यांनी नव्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळली. पुण्याला ते स्वतः घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आवाज तरुण, स्वच्छ, घाई नसलेला. द्वारका आणि मी पहिल्यांदाच बोलत होतो.

"ताई, शीडी लागली. पण तीनच प्रकरणं दिसत्यात. पुढचं काहीच नाही. आणि नावांच्या जागी मशीन नुसतं प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह म्हणतंय."

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं तेच मी बोलले. म्हणाले, "अगं, इथं सगळं व्यवस्थित उघडतंय. मी स्वतः पाहिलंय. तुमचा संगणक फार जुना असणार."

 ती म्हणाली, "असंल जुना, ताई. पण आमच्याकडं तोच आहे."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, दुखावलेपणही नव्हतं. अंगणात दगड आहे, तो ओलांडून जावं लागतं, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मी काहीतरी म्हणून फोन ठेवला. सगळं उघडत होतं ते माझ्या यंत्रावर, जिथं ते लिहिलं गेलं होतं तिथं. आपल्याच घरात आपलीच किल्ली चालते याचा पुरावा घेऊन मी महिनाभर समाधानी होते. अनेक बैठकांत लिहिलेली, बंद न केलेली तबकडी जुनी यंत्रं पहिल्या बैठकीपलीकडे वाचत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कुठंतरी वाचलेलं होतं. पण जुनी यंत्रं म्हणजे लोकांची यंत्रं, माझी नव्हेत, असं काहीतरी धरून मी चालले होते. परीक्षेला अकरा दिवस उरले होते, आणि विमलबाईंच्या दोन-अडीच महिन्यांच्या दुपारी जगात फक्त त्या एका तबकडीवर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडायला आले तर किसनभाऊ जिन्याच्या पायरीवर बसलेले. द्वारकाचा फोन झाला तेव्हा ते पुण्यात तिच्याजवळच होते. तिनं तबकडी परत त्यांच्याच हाती दिली होती. मंचरच्या स्टँडवर रात्र काढून पहिल्या गाडीनं ते आले होते. टॉवेलची गुंडाळी त्यांनी माझ्यापुढे केली, पण हात लगेच मागे घेतला नाही.

"ताई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "माझाच हात लागला असंल. गाडीत लई गर्दी व्हती. मी उरापाशी धरली व्हती बगा, पन घाम आला असंल. त्यातलं पुसलं का वो समदं?"

 हा माणूस पुण्याहून इथवर ते ओझं घेऊन आला होता. मुलीचं वर्ष आपल्या घामानं पुसलं गेलं असं समजून. आणि मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दहा प्रकारे स्वतःला समजावलं होतं की चूक तशी कुणाचीच नाही, तंत्राची आहे. ते सगळे दहा प्रकार त्या पायरीवर माझ्या तोंडाशी आले आणि तिथंच विरले.

"तुमचा हात लागून काहीच झालेलं नाही, किसनभाऊ," मी म्हणाले. "चूक माझी आहे. मी ती नीट बंद केलीच नव्हती. तोंड उघडं राहिलं होतं."

 मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण मला दिसेल असा सैलावला. "आस्सं व्हय," ते म्हणाले. "पोत्याचं तोंड न्हाई शिवलं तर वाटंतच सांडतंय."

त्यांनी मला एका वाक्यात माफही केलं होतं आणि माझी चूकही माझ्यापेक्षा नीट सांगितली होती. मला मात्र त्यांच्याएवढं सहज होता आलं नाही. कुलूप काढलं. तबकडी माझ्या यंत्रात घातली, यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं, आणि माझी ती सुंदर लांबलचक नावं एकाखाली एक उमटली. सगळी. शेवटच्या प्रकरणापर्यंत. मी प्रत्येक फाईल संगणकावर उतरवून घेतली, आणि शेवटची उतरली तेव्हा कुठं पंखा लावला.

मग मी द्वारकाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला विचारलं की तुला हे कसं हवं आहे?

तिच्याजवळ उत्तर तयार होतं. बहुधा कुणीतरी विचारावं म्हणून कधीचं तयार होतं. नावं इंग्रजी अक्षरांत आणि छोटी हवीत, ती म्हणाली. मशीन सगळं नाव वाचतं, आणि लांब नाव ऐकता ऐकता जीव जातो. आधी आकडा. आकडाही एक, दोन असा नको. शून्य-एक, शून्य-दोन असा, नाहीतर एकच्या मागोमाग दहा येतो आणि दोन कुठच्या कुठं जातो. शिवाय अख्खं प्रकरण एका फायलीत नको. "ताई, तुमी पान उलटून मागं जाता ना, तसं मला जाता आलं पाहिजे. पाच-पाच पानांचे तुकडे करा. आणि तुकड्याच्या नावात पानाचा आकडा टाका. मग मी सरांनी सांगितलेलं पान तुमच्याआधी काढीन."

शेवटचं वाक्य ती हसत म्हणाली, आणि त्यात बढाई नव्हती, खातरी होती. माझ्या ओळखीची खातरी. फरक एवढाच की तिची खातरी रोज अडखळून, चाचपून कमावलेली होती.

तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस मी तुकडे करण्यात घालवला. प्रत्येक तुकडा ऐकायचा, वाक्य संपतं तिथं तोडायचं, नाव घालायचं. वर्गांना मी सुट्टी दिली. किसनभाऊ हलले नाहीत. "शेतात आता काय न्हाई," म्हणत बाकावर बसून राहिले. दुपारी माझ्याबरोबर भाकरी खाल्ली. संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं त्यांना घरी मुक्कामाला नेलं. विमलबाईंना मी सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "हरवलं असतं तर मी पुन्हा वाचलं असतं. पण दुसऱ्यांदा वाचताना 'हाड रे' जमलं नसतं," आणि मला जुन्या दिवसांसारखं पाठीवर एक चापट मिळाली.

नवी तबकडी मी एकाच बैठकीत लिहिली आणि बंद केली. तोंड शिवलं. चौकातल्या फोटोवाल्याच्या यंत्रावर घालून पाहिली, झर्रकन उघडली. आणखी एका ठिकाणी पाहिली, उघडली. किसनभाऊ प्रत्येक ठिकाणी माझ्या मागोमाग येत आणि दाराबाहेर चप्पल काढून उभे राहत.

"आता झालं न्हवं, ताई? खातरी हाय?"

आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि थांबले. ही दोन्ही यंत्रं गेल्या वर्षा-दोन वर्षांतली होती. वसतिगृहातलं यंत्र जुनं होतं. किती जुनं, ते मी विचारलं नव्हतं. मला माहीत असलेलं सगळ्यात जुनं, सगळ्यात हट्टी यंत्र पेठ या गावी होतं, माझ्या माहेरी. धाकट्या भावाच्या, दत्ताच्या दूध संकलन केंद्रात. पुण्याच्याच वाटेवर. मी आणखी एक कोरी तबकडी काढली, चांगल्या प्रतीची, जपून ठेवलेली, आणि यंत्राला येईल तितक्या सावकाश लिहायला लावली. भराभर लिहिलेलं जुन्या यंत्रांना कधी कधी दिसत नाही, असं ऐकून होते. पाऊण तासावर वेळ गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही तबकड्या घेऊन किसनभाऊ आणि मी नारायणगावावरून जाणाऱ्या पुण्याच्या गाडीत बसलो.

उतरत्या फाल्गुनातली सकाळ होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव, कुठं तोडणी झालेली, कुठं चालू. मंचर ओलांडल्यावर जमीन कोरडी, पिवळी होत गेली आणि बांधावरच्या पळसांनी निष्पर्ण फांद्यांवर आपला निर्लज्ज केशरी रंग उधळून ठेवला होता. गाडीच्या खिडकीतून धूळ, मोहोराचा वास आणि तापल्या रबराचा वास आलटून पालटून येत होता. किसनभाऊंनी या वेळी तबकडी घेतली नाही. "तुमच्यापाशीच राहू द्या," म्हणाले. पण वळणावर गाडी हेलपाटली की त्यांचा हात आपसूक माझ्या पिशवीच्या दिशेनं जाई.

पेठेला दत्ताच्या केंद्रात आंबूस दुधाचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. त्याच्या संगणकावर प्लास्टिकचं झाकण, झाकणावर धूळ. आत शिरलेल्या पालीनं एकदा तो बंद पाडला होता असं तो अभिमानानं सांगे. मी पहिली तबकडी घातली. यंत्र खोकल्यासारखं करू लागलं. दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. पडद्यावर एक खिडकी आली : वाचता येत नाही.

"ताई, तुमची जुन्नरची शीडी आमच्या पेठंला चालत नाय," दत्ता हसला. मी हसले नाही. किसनभाऊ दारात उभे होते. त्यांना पडद्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती, पण माझी पाठ वाचता येत असावी.

मी दुसरी, सावकाश लिहिलेली, आत सरकवली. पुन्हा तोच खोकला. मग आवाज हळूहळू एकसुरी झाला, सूत कातणाऱ्या चरख्यासारखा, आणि पडद्यावर आकडे उतरू लागले. शून्य-एक. शून्य-दोन. शून्य-तीन. मी मधलाच एक आकडा दाबला आणि दुधाच्या कॅनांनी भरलेल्या त्या खोलीत विमलबाईंचा आवाज घुमला. दत्तानं, जो त्यांच्या वर्गात कधीच नव्हता, नकळत हातातली विडी मागे लपवली.

पुण्यात आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वसतिगृहाच्या संगणकाची खोली अरुंद, थंड; दिवा लावलेलाच नव्हता, तिथं तो कुणाला हवा होता! द्वारका खुर्चीवर बसलेली होती. बापासारखाच उंच, सरळ बांधा, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. तिनं माझा हात धरला, तळवा चाचपला आणि म्हणाली, "ताई, तुमचा हात लई गार आहे." मी घाबरले होते हे तिला त्यावरून कळलं. मग तिनं तबकडी घेतली, अंगठ्यानं मधलं भोक, बोटांनी कडा, आणि बिनचूक आत सरकवली.

यंत्र बोलू लागलं. भराभर, कोरड्या इंग्रजी आवाजात, आकडे. द्वारकाची बोटं कळांवर उतरली, आणि आकडे मागं-पुढं धावू लागले. तिनं शेवटी जाऊन पाहिलं, मध्ये येऊन पाहिलं, एक तुकडा उघडून दोन वाक्यं ऐकली, बंद केला, वीस पानं पुढं गेली. तिथं नेमका कावळा होता. "हाड रे!" विमलबाई म्हणाल्या, आणि द्वारका मान मागं टाकून मोठ्यानं हसली, शेजारच्या खोलीतल्या दोन मुली काय झालं म्हणून भिंतीला हात लावत दारात आल्या. "बाई आहेत," ती त्यांना म्हणाली. "जुन्नरच्या. इकडं बसा, ऐका."

तिनं माझे आभार मानले असतील, मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की पाचव्या मिनिटाला आम्ही त्या खोलीत आहोत याचा तिला विसर पडला होता. ती अभ्यास करत होती. मी दाराशी उभी होते, माझं यंत्र, माझी खोली, माझं नाव यांतलं काहीही त्या क्षणाला लागत नव्हतं; आणि इतकी वर्षं ज्या कौशल्याचा मला गर्व होता त्याचं तिथं, त्या अंधाऱ्या खोलीत, पहिल्यांदाच मला निखळ समाधान वाटलं.

ती पास झाली, चांगल्या गुणांनी, पुढं एम. ए.सुद्धा. पुढची तीन वर्षं विमलबाई वाचत राहिल्या आणि मी तबकड्या लिहीत राहिले, सावकाश, एकाच बैठकीत, तोंड शिवून. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशीची गोष्ट परतीच्या गाडीत संपली, किंवा खरं तर सुरू झाली.

राजगुरुनगर मागं पडलं होतं. ऊन कलतं झालं होतं. किसनभाऊ खिडकीशी बसले होते, कितीतरी दिवसांनी पाठ टेकवून.  मग बाहेर बघतच त्यांनी विचारलं,

"ताई, त्या पुस्तकात काय काय हाय वो?"

मी सांगू लागले. राजे, लढाया, तह. कुठला कायदा कधी आला, कुणी कुणाला कसं जिंकलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले,

"आन आमचं? आमच्या डोंगराकडलं काय?"

सगळं पुस्तक मी ऐकलं होतं, तुकड्या-तुकड्यानं, प्रत्येक वाक्याच्या शेवटापर्यंत. मी मनातल्या मनात शून्य-एकपासून शेवटापर्यंत गेले. किल्ल्यांची नावं होती, घाटांची होती. त्या घाटांतून वाट दाखवणाऱ्यांचं, त्या उतारावर नाचणी पेरणाऱ्यांचं एकही पान मला सापडेना.

"नाही, किसनभाऊ," मी म्हणाले. "त्यात नाही."

वाईट वाटेल म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. पुढच्या वर्षी कुठल्या खाचरात काय लावायचं याचा हिशेब मनाशी जुळल्यावर माणूस जसा मान हलवतो तशी त्यांनी हलवली.

"मंग ती लिवंल की," ते म्हणाले. "आता वाचाया लागलीया न्हवं."

मंचरला ते उतरले. तळेघरची गाडी मिळणार नव्हती, घोडेगावापर्यंतच जाता आलं असतं. तरी ते घाईनं, मोकळे हात हलवत, गर्दीतून वाट काढत गेले. माझी गाडी नारायणगावाकडं निघाली. मी माझ्या रिकाम्या पिशवीवर हात ठेवून बसले होते. एका ठिकाणचं बोलणं दुसऱ्या ठिकाणी जसंच्या तसं ऐकू यावं म्हणून मी एवढी धडपडले होते, आणि ते बोलणं कुणाचं आहे, त्यात कोण नाही, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. ते सुचलं तळेघरच्या वरच्या वस्तीवरच्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला. खिडकीबाहेर पश्चिमेला सह्याद्रीची निळी रांग संध्याकाळच्या उजेडात एकेक घडी उलगडत चालली होती. तिच्यातल्या एकाही वस्तीचं नाव मला येत नव्हतं. पुढच्या खेपेला किसनभाऊ आले की आधी ती नावंच विचारून घ्यायची, एवढं मी ठरवलं.